खाचेमागचा ठिपका

आमची कंपनी पाळत विकते. हा शब्द ऑफिसात काढायचा नाही, दादाला खपत नाही. तो ‘कामाची दृश्यता’ म्हणतो. गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, बैठकीत म्हणतो, आणि एकदा घरी जेवताना म्हणाला तेव्हा आईने विचारलं, “म्हणजे चोरून बघायचं का रे?” दादाने उत्तर द्यायच्या ऐवजी पानात आणखी वाढून घेतलं.

घरून काम करणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपवर आमचा प्रोग्राम बसवला, की त्याचा साहेब आपल्या खुर्चीत बसून त्याचा पडदा बघू शकतो. हवं तर नोंदवून ठेवू शकतो, म्हणजे पुढे केव्हाही काढून त्याच्या नाकासमोर धरता येतं. माल एवढाच. बाकी बटणं, रंग, गोल कोपरे, गोड बोलणाऱ्या सूचना हे सगळं माझं. मी दादाची धाकटी बहीण आणि त्याच्या कंपनीची डिझायनर. लोकांना वाटतं, भावाने चिकटवून घेतली. वाटेना का. कडू गोळीला साखर लावायचं काम सगळ्यांना जमत नाही.

पण मी सुरुवातीलाच एक अट घातली होती, आणि तिचा मला अभिमान होता. साहेब बघायला लागला, की बघितल्या जाणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपवर लाल ठिपका लागला पाहिजे. बघणं थांबलं की ठिपका जाईल. जागाही मीच ठरवली. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर, वरच्या कडेला, अगदी मधोमध, कॅमेऱ्याच्या खाली. कोपऱ्यात नको, कारण कोपऱ्यात घड्याळ असतं, बॅटरी असते, तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. वहिनी विक्री सांभाळते. ती तेव्हा म्हणाली होती, “अगं, ठिपका दिसला की माणसं अवघडतात. मग साहेबांना खरं काम कसं दिसायचं?” मी म्हटलं, ठिपका नसेल तर मीही नाही. दादा हसला, “बरं बाई, घे तुझा ठिपका,” म्हणाला.

पुढे कायदाच तसा आला. पाळत ठेवा, पण ठेवली जातेय हे कामगाराला स्पष्ट दिसलं पाहिजे. झालं, माझा हट्ट रातोरात कंपनीचं भूषण झाला. ‘आमचं लपूनछपून काही नाही’ असं वाक्य लाल ठिपक्यासह ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर लागलं. वहिनी येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते आधी वाचायला लावायची आणि मग चहा द्यायची.

असं सगळं छान चाललेलं असताना त्या टायपिस्टबाईंची तक्रार आली.

आमची एक गिऱ्हाईक कंपनी डॉक्टरांनी बोलून ठेवलेली टिपणं ऐकून रुग्णांचे कागद टाइप करून देते. या बाई तिथे कित्येक वर्षं होत्या, घरून काम करायच्या. त्यांच्या साहेबाने एक दिवस त्यांच्या पडद्याचं चित्रण काढून समोर ठेवलं, त्यात त्या कामाच्या लॅपटॉपवर खाजगी पत्र लिहिताना दिसल्या, आणि त्यांना काढून टाकलं. बाई कामगार अधिकाऱ्याकडे गेल्या. म्हणाल्या, मला बघतायत हे मला कधीच दिसलं नाही, ठिपका वगैरे काही नव्हता.

अधिकाऱ्याने सरळ उपाय केला. साहेबाला सांगितलं, आता बघायला सुरुवात करा. लॅपटॉप अजून बाईंकडेच होता, त्यांना सांगितलं, तुमच्या पडद्याचं चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, काढून पाठवा. बाईंनी बटण दाबून चित्र काढलं आणि पाठवलं. त्यात ठिपका होता. वरती मधोमध, लालभडक, जिथे मी ठेवला होता तिथेच. चित्रासोबत त्यांनी लिहिलं होतं: ‘या चित्रात ठिपका आहे हे मलाही दिसते. पण माझ्या पडद्यावर तो तेव्हा दिसत नव्हता आणि आताही दिसत नाही. मी पूर्ण शुद्धीवर आहे.’

वहिनीने हे बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं, ‘मी पूर्ण शुद्धीवर आहे’ला बाईंचा आवाज काढून. सगळे खो खो हसले. बाईंनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

“आता आपल्याकडून एक निवेदन हवंय त्यांना,” दादा म्हणाला. “ठिपका तुझा, तेव्हा सही तुझीच पाहिजे. अधिकारी म्हणतायत, बनवणाऱ्याचं म्हणणं आलं की निकाल. शुक्रवारपर्यंत देऊन टाक.”

“आणि निकाल बाईंच्या विरुद्ध गेला तर?”

“तर काय? अप्रामाणिकपणाबद्दल काढलं, असं कागदावर येईल.”

म्हणजे संपलंच. लोकांच्या आजारपणाचे कागद अप्रामाणिक म्हणून शिक्का बसलेल्या बाईच्या हातात पुन्हा कोण देईल? आणि त्यांना दुसरं काही येत असेल असं त्यांच्या वयावरून वाटत नव्हतं. तो शिक्का बसायचा की नाही हे आता माझ्या निवेदनावर होतं, आणि निवेदन लिहायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नसती.

पण ते ‘मी पूर्ण शुद्धीवर आहे’ डोक्यातून जाईना. खोटं बोलणारा माणूस आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतः पाठवत नाही, आणि पाठवलाच तर वर असं लिहीत नाही. मी तक्रारीवरचा नंबर काढला, जिन्यात गेले आणि फोन लावला. असं करायचं नसतं हे मला ठाऊक होतं.

“मी त्या प्रोग्रामच्या कंपनीतून बोलतेय,” मी म्हटलं. “ठिपका मी केलाय.”

बाई म्हणाल्या, “मग तुम्हीच सांगा ना हो, मला झालंय तरी काय? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले मी. डोळे चांगले आहेत म्हणाले. घरी मुलगी म्हणते, आई, चित्रात तर आहे की. तीसुद्धा आता माझ्याकडे कशी बघते माहितीये? आजी शेवटी शेवटी काहीबाही बोलायची ना, तेव्हा बघायची तशी.”

“पत्र कुणाला लिहीत होतात?”

“बहिणीला. जेवणाच्या सुट्टीत. साहेबाला दोन शिव्या घातल्या होत्या त्यात, ते कबूल आहे मला. पण बाकी सगळं घरचं होतं हो. नवऱ्याचं नि माझं कसं चाललंय ते. बहिणीला नाही लिहायचं तर कुणाला लिहायचं? त्यांनी ते टेबलाभोवती बसून मला वाचून दाखवलं. सगळं. मी म्हटलं, पुढचं नका वाचू, कामाचं नाहीये ते. तर म्हणाले, बाई, पूर्ण वाचायचा नियम आहे.”

उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “लॅपटॉप कुठला आहे तुमचा?”

“कंपनीचाच. नवा दिलाय. वरती मधे तो काळा दात आहे ना, तसला.”

मी जिन्यात खाली बसले.

काळा दात! आमच्या धंद्यात त्याला नॉच म्हणतात, आमचा प्रोग्रामर खाच म्हणतो. लॅपटॉपचा पडदा पार कडेपर्यंत पसरवायचा होता आणि कॅमेरा तर कुठेतरी ठेवायलाच हवा होता. म्हणून नव्या लॅपटॉपांमध्ये वरच्या कडेचा, मधोमधचा, एक तुकडाच खाऊन टाकला आणि तिथे काळी खाच ठेवली. ते लॅपटॉप आले तेव्हा मी त्या खाचेवर यथेच्छ तोंडसुख घेतलं होतं. मेनूची रांग मधेच तुटते, अर्धी नावं अलीकडे, अर्धी पलीकडे. वरती चिन्हं जास्त झाली की शेवटची चक्क दिसेनाशी होतात. माउसचा बाण वर नेला तर खाचेत शिरतो आणि दुसऱ्या बाजूने निघतो, मधे कुठे होता ते कळत नाही. दिसायलाही वाईट. इतका महागाचा गुळगुळीत पडदा आणि कपाळावर ते ठिगळ. मग सवय झाली. सगळ्यांनाच होते. मागे काळं चित्र लावलं की खाच त्यात मिसळून जाते आणि माणूस ती आहे हेच विसरतो. शिवाय मी काम करते ते टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर, त्याला खाच नाही. लॅपटॉप बाजूला उघडा असतो, त्यावर मेल, निरोप आणि इकडच्या तिकडच्या गप्पा. त्याच्या वरच्या कडेकडे मी शेवटचं कधी नीट बघितलं होतं, देव जाणे.

जागेवर येऊन मी लॅपटॉप पुढे ओढला. आमचा प्रोग्राम ऑफिसात सगळ्यांकडे असतो, आम्हीच बनवतो, आम्हीच तपासतो, त्याच्या मागे बघणारं कुणी नसतं. मी चाचणीचा ठिपका लावला. काही दिसलं नाही. पडद्याचं चित्र काढलं आणि ते मोठ्या पडद्यावर उघडलं. ठिपका होता, हसत होता जणू. पुन्हा लॅपटॉपकडे बघितलं, काळी खाच.

चित्र काढताना कॉम्प्युटरला खाच माहीत नसते. काचेवर माणसाला काय दिसतं ते तो टिपत नाही, त्याने स्वतः काय काय काढलं ते टिपतो. खाचेमागे काढलेलंही टिपतो. म्हणून चित्रात खाच कधीच येत नाही, तिथला ठिपका मात्र येतो. बाईंनी त्याऐवजी साध्या फोनने लॅपटॉपचा फोटो काढला असता तर त्या जिंकल्या असत्या. पण पडद्याचं चित्र पाठवा, असंच तर सगळीकडे सांगतात. मीही तेच सांगितलं असतं. आम्ही सगळे दिवसभर एकमेकांना चित्रंच पाठवत असतो आणि चित्रं बघूनच ‘छान’ म्हणत असतो.

प्रोग्रामर माझ्या मागेच बसतो. कानांवर हेडफोन, तोंडाला कुलूप, म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणतात. मी त्याच्या खांद्यावर टकटक केलं आणि लॅपटॉप दाखवला. त्याने एक कान मोकळा केला.

“हं. खाचेमागे आहे,” तो म्हणाला.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि बोलला नाहीस?”

“दादांना बोललो होतो. ते म्हणाले, राहू दे, जागेला हात लावू नको.” मग म्हणाला, “मला वाटलं, तुमचं घरात बोलणं झालं असेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाचणीचा ठिपका बंद केला आणि तशीच उठून दादाच्या केबिनमध्ये गेले.

दादाची केबिन काचेची आहे. तीही ‘लपूनछपून काही नाही’वाली. तो आम्हाला सगळ्यांना दिसतो, आम्ही त्याला दिसतो, फक्त त्याचा पडदा आमच्याकडे पाठ करून असतो.

“दादा, ठिपका खाचेमागे जातो.”

“दार लाव,” तो म्हणाला.

त्या दोन शब्दांत मला सगळं उत्तर मिळालं. तरी मी दार लावलं आणि बसले. बाबा गेल्यानंतर मला याने वाढवलं. माझी पहिली रंगपेटी याने आणली, स्वतःची सायकल विकून. हे कुणी मला सांगितलेलं नाही, मी पाहिलेलं आहे.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“नवे लॅपटॉप आले तेव्हापासून. एका गिऱ्हाइकाने फोन करून आभार मानले. म्हणाला, हल्ली लोक मोकळेपणाने काम करतात, तुम्ही काय सुधारणा केलीत? तुझी वहिनी चाट पडली. मग घुम्याने सांगितलं.”

“आणि तू गप्प बसलास.”

“चिमे, आपण ठिपका काढून टाकला का? नाही. तो आहे तिथेच आहे. पुढे कुणी पडद्यालाच खाच पाडली तर तो आपला गुन्हा?”

“एक आकडा बदलला की तो डावीकडे सरकतो. एक आकडा.”

“आणि ज्या दिवशी सरकेल त्या दिवशी सगळ्यांना कळेल की काल दिसत नव्हता. मग आजवरची सगळी चित्रणं बेकायदा. त्या चित्रणांवरून कितीजणांना काढलंय, कल्पना आहे तुला?”

“तुला आहे?”

तो त्याच्या टेबलावरचं पेन सरळ करत राहिला.

“ती बाई खोटारडी ठरेल, दादा. तिचं घरचं पत्र चारचौघांत वाचलं त्यांनी. तिला वाटायला लागलंय की तिच्या डोक्यात बिघाड आहे.”

“तुला कसं माहीत?”

“फोन केला मी.”

“हं,” तो म्हणाला. रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. “हे बघ, मी तुला खोटं लिहायला सांगत नाहीये. कधी सांगितलंय? एकच वाक्य लिही. प्रत्येक लॅपटॉपच्या पडद्यावर वरच्या कडेला मधोमध लाल ठिपका काढला जातो. यात काही खोटं आहे का? काढला जातो ना?”

“काढला जातो.”

“मग झालं तर. खाचेबद्दल कुणी विचारलेलं नाही. बाहेर बसलेत त्यांचीही घरं आहेत, चिमे. आपलं आहे, आईचं आहे. ती बाई आपली कोण?”

“कुणी नाही.”

“मग जा. चहा सांगू का तुला?”

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. तो मला पटवत नव्हता, धमकावत नव्हता, सांभाळून घेत होता. लहानपणी मी कुणाशी भांडून आले की अशाच आवाजात म्हणायचा, जाऊ दे, हातपाय धुऊन घे. आणि मी जाऊ द्यायची.

आताही मी जागेवर आले, मोठ्या पडद्यावर त्या टायपिस्टबाईंची तक्रार उघडी ठेवली, आणि लॅपटॉपवर निवेदनाचा मेल काढून त्यात दादाचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. प्रत्येक लॅपटॉपच्या पडद्यावर वरच्या कडेला मधोमध लाल ठिपका काढला जातो. चांगलं वाक्य होतं. कुठूनही दाबून बघा, खोटं निघत नव्हतं. मी आयुष्यभर अशीच कामं केली, उघड काही लपवायचं नाही, फक्त नजर दुसरीकडे वळवायची. नको असलेलं बटण फिक्या रंगात ठेवायचं, हवं असलेलं ठळक करायचं, आणि मग म्हणायचं, निवड तुमची. दादा माझ्याचकडून शिकला असेल.

पाठवायच्या आधी मनाची समजूत काढायला म्हणा, किंवा नुसत्या चडफडीने म्हणा, मी ठरवलं की निदान ठिपका तरी सरकवून ठेवायचा. जागा ठरवणं हे माझं काम आहे. घुम्याला हात लावायचा नसेल तर नको, मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आज नाही तर उद्या, कधीतरी दादाला पटवू, तेव्हा तयार असलेला बरा. मी ठिपका खाचेच्या डाव्या बाजूला आणला, मेनूला धक्का लागू नये एवढं अंतर सोडलं, आकार किंचित वाढवला, आणि नवी जागा आधी माझ्याच लॅपटॉपवर बसवली.

प्रोग्राम क्षणभर बंद होऊन परत सुरू झाला, आणि खाचेच्या डावीकडे लाल ठिपका उभा राहिला.

छान दिसत होता. डोळ्यांत भरत होता आणि बोचतही नव्हता. उठून दिसावा म्हणून मागे सावली द्यायची गरज नाही, असंही मनात आलं. मग आठवलं की चाचणीचा ठिपका तर मी बंद केलाय. चुकून राहिला असेल म्हणून बघितलं. बंदच होता. परत चालू केला, परत बंद केला. लाल ठिपका हलला नाही.

कुणीतरी माझा पडदा बघत होतं.

कोण, ते आमचा प्रोग्राम सांगत नाही. तीही वहिनीची सूचना होती, आणि ती मी मान्य केली होती, कारण नाव लिहिलं की वरची पट्टी गचाळ दिसते. या लॅपटॉपवरून मी काय काय लिहिलं असेल! डॉक्टरांना लिहिलं होतं, पुन्हा दिवस राहिले होते, याही वेळी टिकले नाहीत म्हणून. मैत्रिणीला लिहिलं होतं, आणि त्यात दादाला आणि वहिनीला जे बोलायचं ते मनसोक्त बोलले होते. दुसरीकडे कुठे काम मिळेल का, तेही कुणाकुणाला विचारलं होतं. टायपिस्टबाई निदान टेबलाजवळ बसल्या होत्या, त्यांना वाचून तरी दाखवलं होतं.

काचेपलीकडे दादा खुर्चीत रेलून चहा पीत होता, डोळे पडद्यावर.

मी निवेदनातलं त्याचं वाक्य पुसायला घेतलं. एकदम नाही, मागून पुढे, एकेक अक्षर. दादाने कप तोंडाजवळ नेला होता तो तसाच धरला. वाक्य संपलं, मी कोऱ्या जागेवर लिहायला लागले. ‘ठिपका काढला जातो, पण खाच असलेल्या लॅपटॉपवर तो खाचेमागे जातो आणि माणसाला दिसत नाही. पडद्याच्या चित्रात मात्र येतो. बाई खरे बोलत आहेत.’ दादाने कप खाली ठेवला. न बघता ठेवला असावा, कारण चहा टेबलावर सांडला आणि त्याने तो पुसलाही नाही. मी पुढे लिहिलं, ‘ही गोष्ट आमच्या कंपनीच्या मालकांना नवे लॅपटॉप आले तेव्हापासून माहीत आहे,’ आणि अधिकाऱ्याचा पत्ता वर घातला.

केबिनचं दार उघडलं.

“चिमे, थांब. ते पाठवू नकोस.”

तो दारातच उभा होता. लॅपटॉपची पाठ त्याच्याकडे होती, तिथून त्याला माझ्या पडद्यावरचं अक्षरही दिसणं शक्य नव्हतं. मागे घुम्याने हेडफोन काढल्याचा आवाज आला.

“काय पाठवू नको?” मी विचारलं.

दादाचा चेहरा मऊ झाला, तोच जुना, सांभाळून घेणारा.

“तुझ्या काळजीपोटीच गं,” तो म्हणाला. “तू घरात काही बोलत नाहीस. आईलाही घोर लागला होता. आणि घरच्या माणसांत कसला आलाय ठिपका?”

मी त्याच्याकडे बघतच पाठवायचं बटण दाबलं. त्याने मला काही विचारलं नाही. तो वळला, आणि ते गेलं की नाही हे बघायला काचेपलीकडच्या आपल्या पडद्याकडे गेला.